एस्तेरबाई आणि दहा पर्कोलेटर

६ फेब्रुवारी १९७१, शनिवार, सकाळी साडेदहा. नगर, मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगचं स्वयंपाकघर. हजर: सुपरिंटेंडेंट पंडितबाई, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या एस्तेरबाई, वॉचमन दादू, आणि मी, भांडारातली कारकून. गैरहजर कोणी नाही. विषय: परदेशाहून आलेलं पत्र.

माझ्या वहीत त्या दिवसाचं एवढंच आहे. बाकीचं लिहायला वहीत रकाना नव्हता, म्हणून ते आता लिहिते.

पत्र आमच्या जुन्या मॅडमचं होतं. पंचवीस वर्षं नगरला काढून त्या आदल्या नोव्हेंबरात मायदेशी परतल्या होत्या. पत्रासोबत वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. पंडितबाईंनी ते वाचून मराठीत सांगितलं. कॉफीचे पर्कोलेटर करणारी तिकडची एक कंपनी आपल्या एका प्रकारचे पर्कोलेटर लोकांकडून परत मागवत होती. भांड्याच्या गळ्याभोवती एक पट्टी, पट्टीला दांडा. ती पट्टी नुसती चिकटवलेली होती. भांडं तापून तापून चिकटवण पातळ होते, आणि एक दिवस दांडा हातात राहतो आणि उकळती कॉफी मांडीवर येते. मॅडमनी खाली आपल्या अक्षरात लिहिलं होतं की, बंगल्यांमधले जुने पर्कोलेटर चांगले आहेत, पण आमच्या इकडच्या चर्चमधल्या बायकांनी भेट म्हणून जे खोकं पाठवलं होतं, त्यातले सगळे या प्रकारचेच.

ज्यांनी पर्कोलेटर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ती एक उंच किटली असते. आत मधोमध नळी, नळीच्या डोक्यावर जाळीची डबी, डबीत कॉफीची पूड. खाली पाणी उकळलं की ते नळीतून वर चढतं आणि पुडीवर पडतं, पुन्हा खाली, पुन्हा वर. झाकणाला काचेची गुंडी असते, तिच्यात कॉफी उड्या मारताना दिसते. नगर जिल्ह्यात पर्कोलेटर खपले ते या गुंडीमुळे. कॉफीची कोणाला एवढी ओढ नव्हती.

दादूने विचारलं, “म्हंजी आता ती समदी बोटीनं माघारी धाडायची का?”

पंडितबाई म्हणाल्या, एवढ्या लांब कोण धाडतंय, ज्यांनी नेली त्यांना पोस्टकार्डं टाकू म्हणजे आपलं काम झालं. एस्तेरबाईंनी फळीवरचा आमचा पर्कोलेटर काढला, उपडा केला, चष्मा लावून त्याचं बूड पाहिलं, गळ्याच्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि तो टेबलावर ठेवला.

“ह्यो त्यातलाच,” त्या म्हणाल्या. “आन् पोस्टकार्डानं न्हाई व्हायचं. विकताना मी तोंडानं सांगितलंय. आताबी तोंडानंच सांगाया पायजे.”

उपडं करून बघणं ही एस्तेरबाईंची जुनी खोड. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, रुंद पंजांची बाई. निळ्या काठाचं पांढरं पातळ, पदर कमरेला खोचलेला. त्याच पदराचं टोक मुठीला गुंडाळून त्या उकळती पातेली उतरवत. सांडशी खुंटीला टांगलेली असे. सांडशीला काही कळत नाही, पदराला कळतं किती तापलंय ते, असं त्यांचं म्हणणं. भोपळा घेतला की उपडा. पाटी घेतली की उपडी. कोणाच्या घरी चहा प्यायला की रिकामा कप उपडा करून त्याचं बूड बघणार. त्यांच्या भाच्याला मुलगी बघायला गेलो तेव्हा सगळे मुलीकडे बघत होते आणि एस्तेरबाईंनी पाण्याचा तांब्या पिऊन रिकामा करून उपडा धरला. परतताना टांग्यात निकाल दिला. “ह्या घरात भांड्याची मागची बाजूबी घासत्यात. पोरगी करा.” केली. अजून सुखात आहेत.

दुसरी खोड म्हणजे वेळ मोजण्याची. स्वयंपाकघरात भिंतीवर घड्याळ होतं, चालतंही होतं. पण एस्तेरबाई शिजवायच्या ते भजनाच्या कडव्यांवर. अंडी दोन कडवी. शेवया तीन. कॉफी सात. मुलीही सोबत गायच्या, आणि एखादीने चाल लांबवली की भात गिचका व्हायचा. मग एस्तेरबाई भाताला काही बोलत नसत, त्या मुलीला म्हणत, “तुझ्या गळ्यानं आज साठ पोरींचा भात बिघाडला.”

या सात कडव्यांनीच तर सगळा घोळ केला. नोव्हेंबरात मॅडम आणि इतर मंडळी निघाली तेव्हा मिशनच्या पाचही बंगल्यांतलं सामान बोर्डिंगच्या आवारात, लिंबाखाली विकायला मांडलं होतं. जाळीची कपाटं, गाद्या, कंदील हातोहात गेले. पर्कोलेटरकडे कोणी ढुंकून बघेना. पाच बंगल्यांतले जुने पाच, खोक्यातले नवे पाच, असे दहा. एक बोर्डिंगसाठी बाजूला काढून ठेवला होता. राहिलेले नऊ तिथे रांगेत, आणि लोक त्यांना फुलदाणी समजून पुढे जात होते.

एस्तेरबाईंना ते बघवेना. त्यांनी स्टोव्ह मागवला, रांगेतला एक पर्कोलेटर त्यावर चढवला आणि भजन सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला काचेच्या गुंडीत पहिली उडी दिसली. चौथ्या कडव्याला भोवती पन्नास माणसं होती आणि दवाखान्याचा कंपाउंडर सोबत टाळ्या वाजवत होता. सातव्या कडव्याला एस्तेरबाईंनी स्टोव्ह बंद केला आणि घोटघोट कॉफी सगळ्यांना वाटली. दुपारच्या जेवणाआधी नऊच्या नऊ गेले. प्रत्येक वेळी एस्तेरबाई एकच वाक्य म्हणाल्या, “एस्तेर सांगती, डोळे झाकून न्या.” मी शेजारच्या टेबलावर रजिस्टर लिहीत होते, मी ते नऊ वेळा ऐकलं.

आयुष्यभर प्रत्येक वस्तू उपडी करून बघणारी बाई, पण ते पर्कोलेटर तिने उपडे केले नव्हते. मॅडमकडून आलेले म्हणून.

पत्र आलं त्या दुपारी आम्ही दोघी भांडारात बसलो. एस्तेरबाई मला यादीबाई म्हणत. म्हणाल्या, “यादीबाई, काढा कुनाकुनाकडं गेलंय ते.” मी रजिस्टर काढलं. मला माझ्या रजिस्टरचा अभिमान होता. त्यात नऊ ठिकाणी लिहिलं होतं, ‘कॉफीचे भांडे, एक.’ जुनं की नवं, ते कुठेच नाही. शहरातल्या पाचजणांची नावं-पत्ते होते, राहुरीच्या एका नर्सबाईंचा होता, पारनेरच्या गुरुजींचा होता, कोल्हारच्या राऊतांचा होता. आणि शेवटच्या ओळीत माझ्याच अक्षरात, ‘अकोल्याचे जीपवाले.’ बस, एवढंच. गर्दीत मी घाई केली होती.

एस्तेरबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ते फार झालं.

ओळखायची रीत कात्रणात दिली होती, ती त्यांनी पाठ केली. जुन्याला गळ्याच्या पट्टीवर तीन रिव्हेट, म्हणजे भांड्यातून आरपार ठोकलेले खिळे, नव्याला एकही नाही, पट्टी गुळगुळीत. नव्याच्या बुडावर ठोकलेला नंबर सातने सुरू होणार, जुन्याचा नाही. बाकी घाट तोच, झाकण तेच, गुंडी तीच.

शहराचं काम चार दिवसांत उरकलं. कंपाउंडरचा नवा निघाला. एस्तेरबाईंनी त्याच्या बायकोसमोर पट्टी दोन्ही हातांनी पिळून काढली आणि दांडा पिशवीत टाकला. बाकीच्या चौघांचे जुने होते, रिव्हेट जागच्या जागी. त्यातला एक एका लग्नात आहेर म्हणून पुढे गेला होता, त्याच्या मागे आम्ही तीन घरं फिरलो. सापडला तेव्हा बुडावर नंबराच्या डोक्यावरून भांडेवाल्याने ‘चि. सौ. कां. यांस सप्रेम भेट’ असं ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं. नवरीला वाटलं आम्ही आहेर परत न्यायला आलो. राहुरीच्या नर्सबाईंचाही जुनाच निघाला, त्यात त्या इंजेक्शनच्या सुया उकळत होत्या. एस्तेरबाई म्हणाल्या, “उकळा, पर मग त्यात कॉफी नका करू. न्हाई तर दुखनं जाईल आन् झोपबी जाईल.”

पारनेरच्या गुरुजींनी पर्कोलेटर एकदाही वापरला नव्हता. बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या गुलाबांशेजारी तो ठेवलेला होता. गुरुजी निवृत्त हेडमास्तर, अंगात कोट. एस्तेरबाईंनी बूड पाहिलं, सात. गळा पाहिला, गुळगुळीत. गुरुजी द्यायला तयार होईनात. म्हणाले, शोभेची वस्तू आहे, कोण उचलतंय?

“उद्या तुमच्या सुनंला कॉफीची हौस आली तर?”

गुरुजी म्हणाले, आमची सून माझ्या परवानगीशिवाय कपाटाला हात लावत नाही. आतून बांगड्या वाजल्या. एस्तेरबाईंनी आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि म्हणाल्या, “गुरुजी, शाळंत तुमी प्रयोग करून दावत हुता का नुसतं सांगत हुता?” हे गुरुजींना लागलं. पाणी तापवलं, पर्कोलेटर भरला, अंगणात स्टोव्हवर सात कडवी उकळवला. एस्तेरबाईंनी सगळ्यांना ओट्यावर चढवलं, दांडा धरला आणि हात लांब करून उचलून एक झटका दिला. भांडं सुटून दगडावर आदळलं, कोंबड्या भिंतीपलीकडे गेल्या, आणि एस्तेरबाईंच्या हातात दांडा राहिला, वर पट्टी गोल फिरत. गुरुजींच्या सुनेने आतून हसू आवरलं नाही. गुरुजींनी पोचा आलेलं भांडं पुसून आमच्या पिशवीत घातलं, झाकण मात्र मागून घेतलं. ते काचेच्या गुंडीसकट अजून कपाटात असेल.

मग कोल्हार. तिथे जे झालं ते नीट सांगायला हवं.

राऊतांचं घर नदीच्या अंगाला, ऊस, दोन बैलजोड्या, मोठी ओसरी. राऊतकाकू बोलक्या, मनमोकळ्या. आम्हाला ओसरीवर घोंगडी टाकली. पर्कोलेटर बाहेर आणला तो असा झळकत होता की आम्ही बघतच राहिलो. काकू सांगत होत्या, विटकरीच्या भुकटीनं घासला की आतलं तांबं दिसायला लागलं, तांबं दिसलं म्हणून त्यांनी गावातल्या कल्हईवाल्याकडून आतबाहेर कल्हई करून घेतली. वापरायचा कसा, तेही सांगितलं. दूध, साखर, जायफळ, पूड सगळं एकदमच खाली घालायचं. एस्तेरबाईंनी डोळे मिटले. “आन् भजन?” त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, “तुमचं भजन मला येत न्हाई. मी सांजची आरती दोनदा म्हनते.”

बूड पाहिलं, तर कल्हईने गुळगुळीत, नंबर बुजलेला. गळा पाहिला, तीन रिव्हेट. एस्तेरबाईंचा हात भांड्याच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मला वाटलं त्या माप घेतायत.

“ठीक हाय, वैनी,” त्या म्हणाल्या. “वापरा.”

चहा आला. मला घरातल्या कपबशीत. एस्तेरबाईंना कोनाड्यातल्या, कान उडालेल्या कपात. प्यायल्यावर त्यांनी तो सवयीने उपडा केला, पाहिला आणि तसाच उपडा जोत्यावर ठेवला. येताना यष्टीत म्हणाल्या, “आलं बेतानं घातलं हुतं.”

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी मी यादी पुरी करायला बसले. आमचा नवा, कंपाउंडरचा नवा, पारनेरचा नवा. शहरातले चार जुने, राहुरीचा जुना, कोल्हारचा जुना. मी बेरीज केली, पुन्हा केली आणि एस्तेरबाईंना हाक मारली. जुने सहा भरत होते. बंगले पाच, प्रत्येकात एक, म्हणजे जुने पाचच असायला हवेत. कोणता तरी एक जुना, जुना नव्हता.

एस्तेरबाई ज्वारीच्या पोत्यावर बसल्या. बराच वेळ हात पुसत राहिल्या.

“कोल्हारचा,” त्या म्हणाल्या. “रिव्हेट आतून लागत्यात. आत बोट फिरवलं की कळतं. मी बोट घातलं न्हाई.”

मी विचारलं, का नाही घातलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू समोर घड्याळ असताना मी त्यांना किती वाजले विचारतेय.

“लोकांच्या खायच्या भांड्यात मी बोट घालू व्हय?”

मी शेजारीच होते. मी घातलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं, आणि मला ते सुचलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. एस्तेरबाईंचा चर्चमधला बाक रिकामा, असा तो मला माहीत असलेला पहिला रविवार. सकाळच्या पहिल्या यष्टीने आम्ही निघालो. कोल्हारला उतरलो तर राऊतांच्या दारात दोन बैलगाड्या, ओसरीवर सात-आठ फेटे, आणि आतून जायफळाचा वास. राऊतांच्या शालनला बघायला पाहुणे आले होते.

काकू दारातच भेटल्या. अंगावर जरीचं लुगडं. “एस्तेरबाई, आज कुठं वाट चुकला? पाव्हनं हायेत.”

एस्तेरबाईंनी चपला काढल्या आणि काकूंच्या बाजूने थेट स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग. हिरव्या पातळातली शालन चुलीपाशी वाकली होती आणि तिने पर्कोलेटरच्या दांड्याला हात घातला होता. दांड्याखालून तांबड्या लाखेचा एक ओघळ भांड्यावर उतरत होता.

“सोड, पोरी,” एस्तेरबाई हळू म्हणाल्या. “हळूच. सोड.”

तिने सोडलं. एस्तेरबाईंनी पदर दोन्ही तळव्यांना गुंडाळला, भांडं बुडाखालून उचलून जमिनीवर ठेवलं, झाकण काढलं आणि खिडकीच्या उजेडात आत पाहिलं. आत एकही रिव्हेट उतरलेला नव्हता. काय झालं असेल ते त्यांनी तिथेच काकूंच्या कानात सांगितलं. कल्हई करताना भांडं निखाऱ्यावर तापवतात, त्यात कंपनीची चिकटवण सुटली असणार. कल्हईवाला घाबरला असणार. त्याने पट्टी लाखेने चिकटवली आणि तिला तीन खिळे ठोकले, पट्टीपुरतेच, कारण भांड्याला भोक पाडलं तर ते गळेल. पुढे त्या कल्हईवाल्याने कबूल केलं, अगदी तसंच झालं होतं. लाख आज चुलीवर वितळली होती.

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. शालनकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं. मग दुसरीच काळजी वर आली. “आता काय करू? नवऱ्याच्या बापाला सांगून बसले मी, काचंत उडनारी कॉफी दावते म्हनून. त्येच बघाया निम्मी मानसं आल्यात.”

“दावू की,” एस्तेरबाई म्हणाल्या. “दांड्याला हात न लावता न्यायचा. मी नेते.”

त्यांनी झाकण लावून भांडं उचललं, एक पाऊल टाकलं आणि थांबल्या. आपण कुठे उभ्या आहोत ते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं असावं. काकूंच्याही आलं. चुलीवर आमटी उकळत होती, उतरंडीजवळ पाण्याचे हंडे होते, आणि एस्तेरबाई त्या सगळ्याच्या मधोमध काकूंची कॉफी हातात घेऊन उभ्या होत्या. मी यादीतल्या कोणत्याही ओळीपेक्षा तो क्षण नीट पाहिलाय. तो फार मोठा नव्हता.

काकूंनी शालनच्या हातात कपांचा ट्रे दिला आणि म्हणाल्या, “चला एस्तेरबाई. कॉफी निवल.”

एस्तेरबाईंनी पर्कोलेटर तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांवर धरून ओसरीवर नेला. गुंडीत शेवटच्या दोन उड्या बाकी होत्या, त्या पाहुण्यांना दिसल्या आणि त्यांचं समाधान झालं. मग त्या भांडं तळव्यांवर कलतं करून एकेक कप भरू लागल्या. तिसऱ्या कपाला दांडा पट्टीसकट सुटला आणि ट्रेमध्ये खणकन पडला. शालनचा हात हलला नाही, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं.

नवऱ्या मुलाची आई पुढे वाकली. “ह्यो दांडा असा निघतो व्हय?”

“व्हय,” एस्तेरबाई म्हणाल्या. “धुवाया सोपं पडतं.”

नवऱ्याच्या बापाने दांडा हातात घेऊन निरखला आणि परदेशी लोक डोकेबाज असल्याचं सगळ्यांना सांगितलं. मग त्याने विचारलं, ह्या बाई कोण?

काकूंनी पदर सावरला. “माझी नगरची बहीन,” त्या म्हणाल्या, आणि ट्रेमधला उरलेला कप भरून एस्तेरबाईंच्या हातात दिला.

एस्तेरबाई जोत्यावर बसून प्यायल्या. दूध, साखर, जायफळ, पूड, सगळं एकदम उकळलेली ती कॉफी त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत संपवली. मग कप उपडा करून पाहिला. काकूंनी विचारलं, काय बघता? “काई न्हाई, वैनी. चांगला हाय.” त्यांचे तळवे चार दिवस लाल होते. बोर्डिंगमध्ये विचारलं की सांगत, शालनचं ठरलं, त्याची मेंदी.

आता हिशेब सरळ होता. जुने पाचच्या पाच सापडले होते, नव्यातले चार सापडले होते. म्हणजे अकोल्याच्या जीपवाल्याने नेला तो नक्की नवा, आणि तो कुठेतरी रोज तापत होता.

त्यापुढची दोन वर्षं एस्तेरबाईंची रजा म्हणजे अकोले. पहिल्या खेपेला मी सोबत होते. संगमनेरहून पुढे यष्टी, मग स्टँडवर उभ्या जीपगाड्या. पारनेरचं पोचा आलेलं भांडं एका हातात, दांडा दुसऱ्या हातात, एस्तेरबाई प्रत्येक जीपपाशी जाऊन विचारत, असलं कुणी नगरहून आणलंय का. ड्रायव्हरांना वाटलं त्या मोडकी किटली विकतायत. एकाने भावही विचारला. दुसऱ्या खेपेपर्यंत त्यांचं ‘किटलीवाल्या मावशी’ झालं होतं, आणि कोणीतरी सांगितलं की भंडारदऱ्याला धरणावर एका खानावळीत असलं भांडं आहे. त्या जीपमध्ये बसून तिथे गेल्या. ती साधी चहाची किटली निघाली. उपडी केली तर बुडाला झिरपत होती, मग खानावळवाल्याला तीही बदलायला लावली. स्टँडवरच्या पानाच्या ठेल्याला त्यांनी एक पुठ्ठा लावून ठेवला, अक्षर माझं, मजकूर त्यांचा: काचेच्या गुंडीची किटली असल्यास दांड्याला धरू नये, खालून धरावी आणि नगरला कळवावे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते १९७३ च्या मे महिन्यात, माळीवाड्याच्या स्टँडवर. त्या तेव्हा निवृत्त होऊन भाच्याकडे राहत होत्या. मी बाजारातून येत होते. अकोल्याच्या यष्टीत खिडकीपाशी बसून त्या कंडक्टरशी वाद घालत होत्या. तो म्हणत होता, सामान टपावर टाका. त्या म्हणत होत्या, हे सामान नाही, नमुना आहे. मला पाहून त्यांनी खिडकीतून दांडा हलवला, पट्टी त्यावर गोल फिरली.

“राजूरला एकाकडं हाय म्हन्त्यात,” त्या ओरडल्या. गाडी हलली होती. “सापडला की लिवते.”

त्या खेपेला राजूरचा माणूस लग्नाला गेला होता, भेटला नाही, असं त्यांनी भाच्याला सांगितलं. पुन्हा जायचं म्हणत होत्या. त्याच हिवाळ्यात, चार दिवसांच्या तापाने, त्या गेल्या. कोल्हारहून राऊतकाकू आणि शालन आल्या होत्या, शालनच्या कडेवर मुलगी होती.

भाच्याने दांडा आणि पोचा आलेलं भांडं मला आणून दिलं. ती दोन्ही आता भांडारात यादीच्या वहीशेजारी आहेत. राजूरला जाणारी यष्टी सकाळी आहे, मी वेळ विचारून ठेवली आहे, अजून गेले नाही. वहीत नऊ ओळींपुढे बरोबरची खूण आहे. दहावी अशी आहे: अकोल्याचे जीपवाले. नाव माहीत नाही. भेट बाकी.